अण्णा भाऊंचा वग कोण उभा करणार?

वाळवा तालुक्यातलं रेठरे हरणाक्ष हे लावणीकार पठ्ठे बापूरावांचं गाव. त्याच तालुक्यातलं वाटेगाव हे अण्णा भाऊ साठ्यांचं. बापूराव जन्मानं कुलकर्णी. घरदार आणि वृत्ती सोडून ते तमाशा कलावंत पवळाबाईंच्या साथीनं तमाशाच्या बोर्डावर उभे राहिले. अण्णा भाऊ १ ऑगस्ट १९२० रोजी मातंग कुटुंबात जन्मले आणि पोरवयातच आईवडिलांबरोबर पायी चालत मुंबईला आले. दोघांनीही मुंबईवर लावणी रचली. बापूरावांच्या लावणीतली मुंबई लंकेसारखी झगमगते. डोळे दिपलेला माणूस ती गातो. अण्णा भाऊंच्या लावणीत मलबार हिलवर कुबेर राहतात, परळात राबणारे राहतात, आणि गाणारा त्या परळातलाच आहे.

शहर तेच आणि लावणीचा बाजही तोच. पण अण्णा भाऊंची लावणी हे बापूरावांना दिलेलं उत्तर आहे असं मी मानतो, आणि ते उत्तर पुरतं कळायचं असेल तर आधीची लावणी कानात असावी लागते. गिरणगावातल्या श्रोत्यांच्या ती कानात होती. आज छापील पानावर अण्णा भाऊंची लावणी वाचणाऱ्या विद्यार्थ्याच्या ती कानात नसते. त्याच्या हाती श्रीमंत आणि गरीब यांच्यातला फरक सांगणारी एक कविता येते. ती चांगली आहे, पण श्रोता जे ऐकून जायचा त्याचा तो निम्मा भाग आहे.

अण्णा भाऊ साठे यांच्या बाबतीत आपण महाराष्ट्रातले लोक गेली पन्नास-साठ वर्षं हेच करत आलो आहोत. त्यांचे आपण दोन तुकडे केले. एक कादंबरीकार, जो ग्रंथालयात आणि अभ्यासक्रमात गेला. दुसरा शाहीर, जो मिरवणुकीत आणि पुतळ्यात गेला. बोर्डावर उभा राहून वग, म्हणजे तमाशातलं कथानाट्य, रचणारा, स्वतः सोंग काढणारा, गाणारा, ढोलकी आणि पेटी वाजवणारा आणि त्याच हातानं रात्री कादंबरी लिहिणारा जो एक अखंड कलावंत होता, तो या दोन्ही ठिकाणी नाही. त्यामुळे त्यांच्या कादंबऱ्यांवर अन्याय झाला आणि त्यांचे वग तर जवळजवळ मुके झाले. हे बदलायचं असेल तर अण्णा भाऊंच्या नावानं होणाऱ्या खर्चातला मोठा वाटा त्यांचे वग पुन्हा बोर्डावर आणण्यासाठी गेला पाहिजे. स्मारकं आणि पुतळे त्यानंतर.

त्यांच्याविषयी बोलताना पहिलं वाक्य बहुधा दीड दिवसाच्या शाळेचं असतं. शिक्षकानं अपमान केला, मुलानं शाळा सोडली आणि तरीही तो एवढा मोठा लेखक झाला. हे कौतुकानं सांगितलं जातं, पण त्यातून असा समज होतो की हा माणूस कुठेच शिकला नाही, त्याला सगळं आपोआप आलं. खरं तर ते फार कसून शिकले. नात्यातल्या बापू साठे यांच्या तमाशाच्या फडात शिकले. तिथं ओवी, लावणी, पोवाडा, वगाची बांधणी, सोंगाड्यानं वाक्य कुठं तोडायचं आणि मागं साथीला गाणाऱ्या झीलकऱ्यांनी सूर कुठं उचलायचा, हे सगळं पाठ झालं. वाळवा तालुक्यातल्याच क्रांतिसिंह नाना पाटलांची भाषणं त्यांनी ऐकली आणि हजारो माणसांना रांगड्या बोलीत कसं धरून ठेवायचं हे पाहिलं. मुंबईत दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरं वाचत अक्षरओळख पक्की केली. गिरणीत काम केलं, माटुंग्याच्या लेबर कॅम्पात कम्युनिस्ट कार्यकर्त्यांबरोबर राहून वाचन केलं. या शिक्षणातला सगळ्यात जुना आणि सगळ्यात पक्का भाग सादरीकरणाचा होता. लेखक ते नंतर झाले.

१९४३ च्या सुमारास त्यांनी स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा रचला. हा पोवाडा मला फार धाडसी वाटतो. आपल्याकडे पोवाड्याची परंपरा सांगताना अज्ञानदासानं रचलेल्या अफझलखानाच्या वधाच्या पोवाड्यापासून सुरुवात करतात. तो साचा घेऊन एका तरुण कामगारानं व्होल्गाकाठची लढाई गिरणी कामगारांना सांगितली, आणि ज्यांनी नकाशावरही ते शहर पाहिलं नव्हतं त्यांना ती आपली वाटली. १९४४ मध्ये शाहीर अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक उभं राहिलं. तिघांची कामं एकमेकांत मिसळलेली होती. अण्णा भाऊ आणि गव्हाणकर यांची लेखणी, अमर शेखांचा तो मैदान भरून टाकणारा आवाज, आणि मागं डफ, ढोलकी, तुणतुणं. ‘अकलेची गोष्ट’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘शेटजींचे इलेक्शन’, ‘बेकायदेशीर’, ‘पुढारी मिळाला’, ‘माझी मुंबई’, ‘मूक मिरवणूक’ ही त्या काळातली लोकनाट्यं. यातलं एखादं तरी आपण बोर्डावर पाहिलं आहे का, हे वाचकानं स्वतःला विचारून पाहावं. मराठी साहित्याच्या प्राध्यापकांनीही विचारून पाहावं.

तमाशाची जुनी रचना गण, गौळण, बतावणी, वग अशी. गणात गणपतीला आवाहन, गौळणीत कृष्ण, पेंद्या, मावशी आणि मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, बतावणीत विनोदी सवाल-जवाब, आणि मग वग. अण्णा भाऊंनी गणात गणपतीच्या जागी मायभूमी, शिवराय आणि कष्टकरी आणले, गौळण काढून टाकली आणि सरळ वगाला हात घातला. कागदावर हा बदल म्हणजे फक्त पहिली दोन पानं वेगळी. पण तमाशाला रुळलेल्या प्रेक्षकाला ढोलकी वाजायला लागल्यावर पुढं काय येणार हे ठाऊक असतं. त्याचं मन गणपतीकडं निघालेलं असताना समोर शेतकऱ्याचं नाव येतं. हा धक्का त्या बसण्यात, त्या वाट पाहण्यात आहे. कोणीतरी तो पुन्हा उभा करून दाखवल्याशिवाय त्याची ताकद कळणार नाही, मग त्यावर कितीही प्रबंध लिहा.

या प्रयोगांचा लोकांच्या मनावर काय परिणाम होतो हे तेव्हाच्या मुंबई सरकारला नेमकं कळलं होतं. म्हणून त्यांनी लाल बावटा कलापथकाच्या प्रयोगांवर बंदी आणली. तमाशावरच गंडांतर आलं तेव्हा तोच खेळ लोकनाट्य या नावानं पुढं चालू राहिला. अण्णा भाऊंच्या छापील पुस्तकांची सरकारला एवढी भीती वाटली नाही. ती वाटली प्रयोगाची. सत्तेनं ज्याला सगळ्यात धोकादायक मानलं, नेमकं तेच आज आपण सगळ्यात कमी जपलेलं आहे. मला याची मनापासून खंत वाटते.

आता कादंबऱ्यांकडे येतो, कारण तिथं झालेला अन्याय लवकर लक्षात येत नाही. ‘फकिरा’ १९५९ साली आली. अण्णा भाऊंनी ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली, वि. स. खांडेकरांनी प्रस्तावना लिहिली, १९६१ मध्ये राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. तरीही समीक्षेत एक सूर कायम ऐकू येतो. माणसं एकरंगी आहेत, घटना भडक आहेत, कथानक सिनेमासारखं पळतं, मनाच्या खोलात लेखक शिरत नाही. त्यांच्या तीस-पस्तीस कादंबऱ्यांपैकी काही घाईत लिहिलेल्या आहेत, काहींत तोच साचा पुन्हा येतो, हे मलाही मान्य आहे. पोटासाठी लिहिणाऱ्या माणसाला थांबून चार वेळा मसुदा घासायची सोय नसते. पण ‘फकिरा’ला हा आक्षेप लागू करणं म्हणजे तिला चुकीच्या मापानं मोजणं आहे.

सुरुवातीचा जोगणीचा प्रसंग आठवा. शेजारच्या शिगावच्या जत्रेतून जोगणी, म्हणजे जत्रेचं मानचिन्ह, आणायची, ती घेऊन आपल्या गावची शीव ओलांडायची, मग गावाला मान. राणोजी घोड्यावरून ती घेऊन निघतो. मागं पाठलाग, पुढं शीव. शीव ओलांडली की संपलं, हा रिवाज. तो शीव ओलांडतो आणि तरीही रिवाज मोडून त्याला मारलं जातं. इथं लेखक राणोजीच्या मनात काय चाललंय ते पानभर सांगत बसत नाही. घोडा, वाट, शीव, पाठीवरचे लोक, एवढंच. हा प्रसंग मोठ्यानं वाचून पाहावा. वाक्यं आखूड होत जातात, क्रियापदं पुढं येतात, दम लागतो. झीलकरी सूर उचलतील तिथं वाक्य थांबतं. तमाशात पडदा नसतो, नेपथ्य नसतं. नटानं बोर्डावर एक फेरी मारली की गाव बदलतं, दुसरी मारली की रात्र होते. प्रेक्षक ते मानतो. ‘फकिरा’त ठिकाणं आणि काळ याच वेगानं बदलतात, कारण लिहिणाऱ्याच्या हाडात ती फेरी भिनलेली आहे. ज्याला समीक्षक उथळपणा म्हणतात ती मला ऐकणाऱ्या माणसासाठी लिहिलेली गद्याची एक वेगळी शिस्त वाटते. पात्राचं मन त्याच्या कृतीत आणि त्याच्या तोंडच्या एका फटकाऱ्यात दिसलं पाहिजे, ही बोर्डाची अट आहे. ती अण्णा भाऊंनी कादंबरीत पाळली आणि एका वेगळ्या घडणीची मराठी कादंबरी तयार झाली.

२ मार्च १९५८ ला मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन झालं. उद्घाटनाच्या भाषणात अण्णा भाऊ म्हणाले की ही पृथ्वी शेषाच्या मस्तकावर तरलेली नाही, ती दलित, कष्टकऱ्यांच्या तळहातावर तरलेली आहे. हे वाक्य आज फलकांवर, टी-शर्टांवर, भाषणांच्या शेवटी असतं. त्यातला विचार सगळे सांगतात. त्याची बांधणी बतावणीची आहे हे फारसं कोणी सांगत नाही. कीर्तनात आणि पोथीत ऐकलेली, प्रत्येकाला ठाऊक असलेली शेषनागाची गोष्ट आधी पुढं करायची, ऐकणारा मान डोलावायला लागला की त्याच चालीत ती उलटून टाकायची. सोंगाडी सरदाराला असंच उत्तर देतो. विचारवंत अण्णा भाऊ, शाहीर अण्णा भाऊ आणि कादंबरीकार अण्णा भाऊ अशा वेगळ्या खुर्च्या मांडल्या की या एका वाक्याला कुठं बसवायचं हेच कळत नाही.

‘माझी मैना’चं तर विचारूच नका. ती जिवंत आहे, गावोगावी गायली जाते, याचा मला आनंद आहे. पण कशी गायली जाते ते पाहा. पोटासाठी मुंबईला आलेल्या माणसाला गावाकडं राहिलेल्या बायकोची आठवण येते, एवढीच ती विरहाची लावणी म्हणून पुष्कळदा सादर होते. मूळ छक्कड (लावणीचाच एक प्रकार) तिथं थांबत नाही. ती मुंबईत येते, मुंबईतल्या विषमतेत आणि संघर्षात शिरते, आणि बघता बघता गावाकडं राहिलेली मैना म्हणजे महाराष्ट्राबाहेर ठेवलेला मुलूख होऊन जाते. बेळगाव, डांग, उंबरगाव ही नावं त्यात येतात. १ मे १९६० ला राज्य झालं, बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात राहिलं, डांग आणि उंबरगाव गुजरातेत गेलं, म्हणजे त्या लावणीची अर्धी मागणी अपुरीच राहिली. संयुक्त महाराष्ट्राच्या सभेत अमर शेखांच्या तोंडून ती ऐकणाऱ्याला बायको कधी संपली आणि मुलूख कधी सुरू झाला हे सांगता आलं नसतं, इतकी ती जोडणी बेमालूम आहे. पहिली कडवी गाऊन टाळ्या घेतल्या की ही करामतच कापली जाते.

माझ्या म्हणण्यावर काही आक्षेप येतील. पहिला असा की हे वग प्रचारकी आहेत, पक्षासाठी लिहिलेले आहेत, त्यातले शेटजी आणि पुढारी आज जुने झाले. काही वगांचा शेवट घोषणेकडं झुकतो, हे मीही म्हणेन. पण वगाची संहिता ही प्रयोगाची हमी कधीच नसते. सोंगाडी त्या रात्रीच्या गावातलं, त्या आठवड्यातलं काही ना काही त्यात घालत असतो. ती मोकळीक ठेवूनच वग बांधलेला असतो. निवडणुकीत मतं विकत घेणारा शेटजी आणि देशभक्तीच्या नावावर घोटाळा करणारा माणूस यांना कालबाह्य ठरवायची घाई मला तरी करवत नाही. राजकुमार तांगडे यांचं ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ हे नाटक २०१२ मध्ये नंदू माधव यांनी बसवलं, संभाजी भगत यांची शाहिरी त्यात होती, आणि जलसा-वगाच्या वळणानं जाणारं ते नाटक शहरी नाट्यगृहांत आणि गावांत दोन्हीकडं चाललं. अंगात दम असेल तर हा घाट आजही प्रेक्षकाला धरतो.

दुसरा आक्षेप जरा विद्वान मंडळींचा. प्रयोग हवेत विरतो, साहित्य म्हणजे जे लिहून उरतं ते, म्हणून आम्ही पुस्तकांकडं पाहतो. जगानं हा भेद कधीच सैल केला आहे. १९९७ चं साहित्याचं नोबेल दारिओ फो यांना मिळालं. ते बोर्डावरचे विदूषक होते, त्यांची नाटकं प्रयोगाप्रयोगांत बदलत जायची, आणि त्यांच्या पत्नी, अभिनेत्री फ्रांका रामे, त्या बदलांसह संहिता नीट करून ठेवायच्या. म्हणजे उरण्याची सोय कोणीतरी मुद्दाम केली. आपल्याकडं ‘गाढवाचं लग्न’ हा वग दादू इंदुरीकरांनी गाजवला आणि त्यांच्यानंतरही दुसरे नट तो करत राहिले, म्हणून आजच्या तरुणाला त्यातला सावळ्या कुंभार माहीत आहे. त्या वगाला पुतळा लागला नाही. तो खेळला गेला, म्हणून टिकला.

अण्णा भाऊंच्या वगांना असा सलग वारस मिळाला नाही. १८ जुलै १९६९ ला गोरेगावच्या घरी ते गेले, तेव्हा त्यांचं वय ४९ सुद्धा पुरं नव्हतं. त्याच वर्षी २९ ऑगस्टला अमर शेख अपघातात गेले. सहा आठवड्यांत ती लेखणी आणि तो आवाज दोन्ही थांबले. कलापथक तर आधीच विस्कळीत झालेलं होतं. पुढं कादंबऱ्यांवरचे चित्रपट आले, ‘टिळा लावते मी रक्ताचा’, ‘वारणेचा वाघ’, आणि अण्णा भाऊ म्हणजे कथा पुरवणारा लेखक अशीच प्रतिमा पक्की झाली. पंधरा-वीस वर्षं बोर्डावर घालवलेला माणूस त्या प्रतिमेत मागं पडला.

त्यांच्या नावानं महामंडळ आहे, टपाल तिकीट निघालं, २०२२ मध्ये मॉस्कोत पुतळा बसला. ज्या समाजाला शतकानुशतकं गावाबाहेर ठेवलं त्या समाजाला आपल्या माणसाचा पुतळा पाहून किती बळ मिळतं हे मला कळतं, आणि त्याला मी कधीही नाव ठेवणार नाही. माझं म्हणणं सरकारला, विद्यापीठांना आणि साहित्य संस्थांना आहे. मुंबई विद्यापीठात लोककला अकादमी आहे, अमर शेखांच्या नावाचं अध्यासन आहे. तिथं आणि इतर विद्यापीठांच्या नाट्य विभागांत दर वर्षी अण्णा भाऊंचा एक वग पूर्ण, गणापासून शेवटापर्यंत, बसलाच पाहिजे. मराठी विषयाच्या विद्यार्थ्यानं ‘फकिरा’चा पेपर द्यायच्या आधी तो पाहिलेला असला पाहिजे. अण्णा भाऊंच्या गाण्यांच्या मूळ चाली ज्यांना ठाऊक आहेत असे शाहीर आणि झीलकरी आता वयानं फार पुढं गेले आहेत. त्यांच्याकडं रेकॉर्डर घेऊन जायचं काम पुढच्या अर्थसंकल्पाची वाट पाहत ठेवण्यासारखं नाही. संहिता छापताना कडव्याखाली चाल, ताल, झील कुठं, सोंगाड्याची जागा कुठं, हे नोंदवलं पाहिजे. आज मिळणाऱ्या बहुतेक आवृत्त्यांत गद्य आणि पद्य एकाखाली एक छापलेलं असतं. नवख्या नटाला त्यावरून वग बसवता येत नाही.

आणि हे काम विद्यापीठाच्या सभागृहात कोंडून राहता कामा नये. नारायणगावात दर वर्षी गुढीपाडव्याच्या आगेमागे फडमालकांच्या राहुट्या पडतात, गावोगावचे कारभारी येतात आणि चैत्रातल्या जत्रांची सुपारी ठरते. तिथं चार-पाच नामांकित फडांना सरकारनं सांगावं की ‘देशभक्त घोटाळे’ किंवा ‘अकलेची गोष्ट’ बसवा, तालमीचा महिनाभराचा पगार कलावंतांना आम्ही देतो आणि जत्रेतल्या पहिल्या प्रयोगांची सुपारीही आम्हीच भरतो. फडातले कलावंत आज सिनेमाच्या गाण्यांवर रात्र काढतात, कारण जत्रेत तेच मागितलं जातं आणि वग सुरू व्हायच्या आत निम्मा तंबू रिकामा होतो. त्यांना वग येत नाही असं मात्र नाही. अनेकांच्या घरात तीन-तीन पिढ्यांचं वगाचं पाठांतर आहे. फडमालक कर्जात असतो, नवा वग बसवायची जोखीम तो एकटा घेऊ शकत नाही. ती जोखीम घेणं हेच सरकारचं काम आहे. एका पुतळ्याच्या खर्चात असे किती प्रयोग होतील याचा हिशेब मंत्रालयात बसून कोणालाही करता येईल. पहिल्या वर्षी काही गावांत लोक मध्येच उठून जातील, काही सरपंच शेटजीच्या सोंगावरून चिडतील, आणि एखादा सोंगाडी त्या चिडलेल्या सरपंचालाच वगात ओढेल. त्या रात्रीचा प्रयोग बघायला मी कितीही लांब जायला तयार आहे.